कंबरभर गवत

सुंदराबाई : थांबा जरा. ती कुंपणाची तार मंग आवळा. मी काय म्हणून राहिली, ते ऐकून घ्या पह्यले.

देवमन : ऐकूनच राहिलो ना. ऐकाले हात रिकामे लागते काय?

सुंदराबाई : पाहुण्या टिटव्या आल्या. नाल्याच्या पल्याड, गायरानावर. आताच पाहून आली मी.

देवमन : आपल्याच टिटव्या असतीन.

सुंदराबाई : आपली टिटवी मले समजत नाही काय? ती माणूस दिसला का शिवार डोक्यावर घेते. ह्या चूप होत्या. तुरतुर पळत, थांबत, वाकून किडा टिपत, पुन्हा पळत. डोळ्यावर पांढरी भिवई. आपली रागिणी दाखवे ना, त्याच.

देवमन : मंग इथी काहून नाही आल्या? दोन हिवाळे मी या पडीताच्या धुऱ्यावर बसलो. पोरीसंग त्या बी गेल्या, असंच धरून चाललो होतो.

सुंदराबाई : रागिणी होती तवा इथी गवत कुठी होतं, सांगा. तिच्या बकऱ्या, शेजारच्या नत्थुजीच्या गाई, अर्ध्या गावाची ढोरं इथीच चरत. टाचेएवढं गवत राहे. पाखराले पळाले मोकळं, कुत्रं आलं तं दुरून दिसे. अन् आता पाहा. कंबरभर कुसळी माजली.

देवमन : मी राखलं ते.

सुंदराबाई : मालूम आहे मले.

देवमन : अकोल्याच्या रस्त्यावर तिच्या गाडीले ट्रकनं ठोकलं, तवापासून एक ढोर आत येऊ देलं नाही. नत्थुजीशी बोलणं तुटलं याच्यापायी. तिची जागा तशीच राहावी, एवढंच होतं माह्या मनात.

सुंदराबाई : पण तशी कुठी राहिली?

देवमन : (पुन्हा तार आवळायला घेतो.)

सुंदराबाई : रागावू नका. मी मेंढ्यावाल्या चंद्रभानले बलावलं आहे. तो पाहा, आलाच.

चंद्रभान : रामराम, देवमनभाऊ. वहिनी म्हणत होत्या, मेंढ्या बसवाच्या आहेत.

देवमन : तिनं ठरवलं, मी नाही.

चंद्रभान : मंग जातो मी. माह्या मेंढ्यायले गायरान आहे ना. तसं बी हे गवत पकलं. कुसळ लोकरीत रुतते, मेंढी तोंड लावत नाही. पह्यले कापा लागते.

देवमन : थांब. ते पाखरं तुह्या मेंढ्यायच्या मागंच असतात काय?

चंद्रभान : मेंढी चालली का किडा उठते. त्यायले तेवढंच पायजे. उघडं रान अन् किडा. जागा कोणाची, हे त्यायले काय करा लागते?

देवमन : म्हणजे रागिणीसाठी येत नव्हत्या.

चंद्रभान : तसं नाही म्हटलं मी, भाऊ.

देवमन : नाही, बराबर बोलला तू. ती इथी बसली राहे अन् त्या तिच्या पायापासून पळत जात. मी तिकडून वखर हाणता हाणता पाहो. मले वाटे, पोरीची वळख आहे त्यायच्याशी. कुठच्या बर्फाच्या मुलखातून येतात, म्हणे, अन् बराबर आपल्या पोरीपाशी उतरतात.

सुंदराबाई : ती हालत नव्हती. म्हणून येत जवळ.

देवमन : विळा घरी आहे ना?

चंद्रभान : भाऊ, माह्या घरचे दोघं येतीन कापाले. दोन दिवसात रान साफ.

देवमन : नको. कापतो मीच. लागू दे किती दिवस लागतीन ते. झालं का सांगतो तुले, मंग आण मेंढ्या.

चंद्रभान : अन् ही कुंपणाची तार?

देवमन : ती तूच सोडून टाक. माह्यानं नाही होत.

(माघातली सकाळ. गवत कापून झालं आहे, मेंढ्या बसून गेल्या आहेत. नवराबायको त्याच धुऱ्यावर.)

सुंदराबाई : खाली बसा. उभे राहू नका.

देवमन : कुठी आहेत? मले तं नुसती ढेकळंच दिसून राहिली.

सुंदराबाई : ढेकळासारख्याच दिसतात त्या. पळतीन तवा दिसतीन. त्या बोरीच्या अलीकडं पाहा.

देवमन : हो. हो, पळाली एक. तिच्या मागं दुसरी. थांबली. वाकली.

सुंदराबाई : डोळे पुसा, म्हणजे नीट दिसतीन.

देवमन : किती दिवस राहतीन?

सुंदराबाई : फागुनापर्यंत. जायच्या वक्ती पोट काळं पडते, म्हणे रागिणी. मंग एका रात्री उठून जातात.

देवमन : आता पाह्यलं अन् तोंड उघडलंच होतं मी. तिले हाक माराले. ये पोरी, पाह्य, म्हणून.

सुंदराबाई : मंग मारा ना. कोण आहे इथी ऐकाले?

देवमन : नको. उडून जातीन त्या.