अर्धा ग्लास पाणी

अगं, नकाशा बघून कुणी गाव निवडतं का? आमचे हे निवडणार होते. पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. परळची खोली सोडून, मुलांना घेऊन खाडीपलीकडे नव्या मुंबईत जायचं ठरलं. समोर दोन वसाहती होत्या. एक हायवेला लागून, दुसरी नेरूळला, सारसोळे गावाजवळ.

माझे दीरही तिकडेच घर घेणार होते. दोघा भावांचं एकच, "हायवेचीच घ्यायची. दारात बस आहे. नेरूळला कोल्हे ओरडतात!" फॉर्म दुसऱ्याच दिवशी भरायचे होते.

घरं बघून हायवेच्या स्टॉपवर आलो, तर सारसोळ्याची एक कोळीण रिकामी पाटी घेऊन बसलेली. दोन्ही वसाहतींत दारोदार मासे विकायची. मी तिला सरळ विचारलं, "मावशी, तहान लागली की पाणी कुठे मागता?"

"नेरूलला, बाय. तांब्या भरून देतान. हिकडं अर्धा गिलास देतान, नि तो पन नलाकडं बघत."

दीर खो खो हसले. "वहिनी, आता कोळणीला विचारून घर घेणार?"

"हो," म्हटलं, आणि ह्यांच्या फॉर्मवर स्वतः नेरूळ लिहिलं. दिरांनी हायवे घेतला.

पुढच्या मे महिन्यात भरदुपारी बेल वाजली. दारात दीर, घामाघूम, दोन्ही हातांत रिकाम्या कळश्या. म्हणाले, "वहिनी, चार दिवस नळाला थेंब नाही."

कळश्या दिल्या की भरून! पण आधी त्यांना बसवलं आणि प्यायला पाणी दिलं. अर्धा ग्लास. नळाकडे बघत.