खालचा सूर

"फुलांच्या रविवारी माझ्या थडग्यापाशी दोघी बहिणी मिळून गा. वरचा सूर डार्लाचा, खालचा तुझा," असं आईनं शेवटच्या दुखण्यात सांगितलं होतं आणि वेल्मानं मान डोलावली होती. केंटकीच्या डोंगरात थडगी सजवून तिथं गाणी म्हणायचा तो रविवार आज उजाडला होता. वेल्मा फुलं घेऊन दुकानाच्या रांगेत उभी होती. पुढे दोघी परगावच्या बायका बोलत होत्या.

"डार्लाचा पहिलाच अल्बम, आणि दहा लाख खपला म्हणे!"

"त्यातलं आईच्या दुखण्याचं गाणं लागलं की आमचे हेसुद्धा नाक ओढतात."

"एकटीनं काढलं गं बिचारीनं आईचं सगळं."

"बहीण होती ना कुणी?"

"असती तर गाण्यात आली नसती?"

"तेही खरंच. आज येणार का ती?"

"छे! आज टेक्ससमध्ये कार्यक्रम आहे तिचा."

"मग आईपाशी कोण गाणार?"

"रेडिओ ठेवा म्हणावं थडग्यावर!"

दोघी हसल्या. एकीनं मागे वळून पाहिलं.

"तुम्ही व्हा पुढे, बाई. फुलंच तर आहेत. कुणासाठी?"

"आईसाठी."

"देव भलं करो."

"तुमचंही."

पैसे देऊन वेल्मा बाहेर पडली. तिनं हलकेच घसा साफ केला आणि एकटीच टेकडीची वाट चालू लागली.