दोन श्वासांच्या मधी

“डॉक्टर, एक्स-रे काढताना जनावराला ‘श्वास धर’ असं कसं सांगता?”

वर्गातल्या अर्पितानं पैज लावली होती, आणि मी पैज सोडते होय? येरमाळ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात भरल्या रांगेत विचारलंच!

“सांगत नाही. दोन श्वासांच्या मधी बटण दाबतो,” म्हणत डॉक्टर हसून आत गेले.

माझ्या शेजारी आजी-आजोबा बसले होते. पायाशी नुकताच कातरलेला मेंढा पडला होता.

“अवं, आज छातीचं माप नीट घिऊ द्या. परवा एक्स-रेचा फोटू सगळा काळा आला.”

“डॉक्टर म्हणले, लोकर दाबून धरा. देवीला सोडलेल्या मेंढ्याची लोकर कशी दाबायची?”

“म्हणून वरवर माप घ्यायला लावलंत. लोकरीसकट जाडी जास्त भरली, मशीन जास्त चाललं. आतलं कायबी दिसलं न्हाय.”

“आन् तू आज मला न इचारता कातरलीस!”

“कातरली. देवी जाब इचारंल तर मला इचारंल.”

“लई वंगाळ दिसतंय गं उघडं.”

“दिसू द्या. हात ठिवा. बरगड्या लागत्यात न्हवं? आता बरूबर माप निघंल.”

“अगं…”

“काय?”

“छाती हालंना.”

“दोन श्वासांच्या मधी आसंल. आत्ताच डॉक्टर या पोरीला म्हणले न्हाय का? थांबा जरा.”

आम्ही तिघं थांबलो. नंबर पुकारला, तरी थांबलो.

घरी आल्यावर मी दप्तरसुद्धा उतरवलं नाही.

“आई, पप्पा, दर रविवारी मी दवाखान्यात जाणार. माप घेताना लोकर दाबून धरायला. डॉक्टरांना विचारून आलेय.”