ट्रम्पेटवाल्याच्या हिरड्या

—नाही, नुसतं जेल लावून भागणार नाही. आणि उठू नकोस, आ कर. मोठा. माझ्यावर ओरडताना व्हायचा ना, तेवढा! एवढे दातांचे डॉक्टर पडलेत, आणि तुला घटस्फोट दिलेल्या बायकोचीच खुर्ची सापडली — मग आता ऐक मुकाट्यानं. माझे दोन्ही हात तुझ्या तोंडात आहेत. हे आधी सुचलं असतं तर संसार टिकला असता की रे आपला!

कोणी सांगितलं जेलचं? तुमच्या बँडमधल्या ड्रमवाल्यानं? त्याला काय, स्वतःला लागू पडलं की गावभर वाटत सुटतो. हायलुरोनिक ॲसिड म्हणतात त्याला — ॲसिड म्हटलं म्हणून डोळे पांढरे करू नकोस, पोळत नाही, आपल्या अंगात असतंच ते, बायका चेहऱ्याला थापतात तेच. हिरडीच्या खाचेत भरलं की जखम जरा बरी भरते, रक्त कमी येतं — जरा, हं! — पण कधी? मी आतली घाण खरवडून काढल्यावर. घाणीवर जेल म्हणजे न घासलेल्या भांड्याला कल्हई. आणि घाण तरी किती! ब्रशला हात लावतोस, की शोभेला ठेवलायस? अं काय, अं! सिगारेटही सुटलेली नाही. बायकोशी खोटं बोलता येतं, हिरड्यांना नाही जमत ते.

दुखतंय? दुखायचं नाही, सुई दिलीये. हा बघ, खालचा पुढचा हलतोय. ट्रम्पेट ओठाशी दाबतोस ते याच्याच जोरावर ना? हा गेला की फुंक गेली, फुंक गेली की बँड गेला — आणि दुसरं तुला येतंय काय? आई माझी पिपाणीवाला म्हणायची तुला, पण पोट त्या पिपाणीवरच आहे ना बाबा. चेष्टा नाही ही. परवा शुक्रवारी हॉटेलात शेवटच्या गाण्याला वरचा सूर लावायला गेलास आणि अर्ध्यात सोडलास. लोकांना वाटलं मुद्दाम, टाळ्या पिटल्या मूर्खांनी, आणि मी कॉफी तशीच टाकून—

काय? असा काय बघतोस? सांगितलं कोणीतरी. कोणी म्हणजे... असतात लोक. बरं बाबा, होते मी तिथे. खांबामागे बसलं की स्टेजवरून दिसत नाही. हो, दर शुक्रवारी. कॉफी पिते, ऐकते, घरी जाते. तुझ्यासाठी नाही हं, ट्रम्पेटसाठी! वाजवणारा दुसरा कोणी असता तर आणखी बरं झालं असतं.

हलू नकोस म्हटलं ना! जीभ आत घे. हं... झालं. जेल घातलंय. आज चूळ भरायची नाही, आणि मी सांगेपर्यंत ट्रम्पेटला तोंड लावायचं नाही. दात राहील का? माहीत नाही रे. खरंच माहीत नाही. सिगारेट सोडलीस, नीट घासलेस, तर कदाचित.

या शुक्रवारी? अजिबात नाही. पुढच्याही नाही. मग शुक्रवारी संध्याकाळी करायचं काय? — मला काय विचारतोस! मला तरी कुठे माहितीये.

ऊठ. जाताना पुढच्या पेशंटला आत पाठव.