आमच्या ह्यांची टू-सीटर

मी मूळची शहाडची, म्हणजे गाव तसं राजापूरकडचं, पण बाबा इकडे कंपनीत लागले आणि आम्ही शहाडला चाळीत वाढलो, मागच्या बाजूला उतरलं की नदी. आमच्या घरात वाहन म्हणाल तर बाबांची सायकल, तीसुद्धा पावसाळाभर दोरीने खांबाला बांधलेली. स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की निघतो हे मला लग्नापर्यंत माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नव्हती. तर हे मला बघायला आले तेव्हा आमच्या आत्याने पहिलं काय बघितलं, ह्यांची नखं. काळी. आत जाऊन म्हणाली, मुलगा चांगला आहे पण अंघोळ करतो की नाही विचारून घ्या. हे डोंबिवलीला एमआयडीसीत फिटर होते ना, ते तेल कशाने जाणार. मला काही वाटलं नाही त्याचं, उलट बरं वाटलं, म्हटलं हा माणूस हाताने काहीतरी करतो. तेव्हा कुठे कल्पना होती की पुढे माझीही नखं तशीच होणार आहेत.

लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच हे एक दिवस टेम्पोच्या मागे दोरखंडाने बांधून ती गाडी घेऊन आले. मालकाच्या मुलाची होती, विलायती, लाल, बुटकी, दोनच सीटची, छप्पर कापडाचं. त्याने ती झाडाला ठोकलेली आणि मग कारखान्याच्या मागे शेडखाली नुसती पडून होती, तिच्या सीटमध्ये मांजर व्यायलेलं. मालक म्हणाले, तुला आवडते ना, घेऊन जा. आता काय सांगू तुम्हाला, घरात माणसं तीन, हे, मी आणि सासूबाई, आणि गाडी दोघांची. सासूबाई गॅलरीतून खाली बघून एवढंच म्हणाल्या, मी कुठे बसायचं रे? हे म्हणाले, आधी चालू तर होऊ दे.

ती चालू व्हायला किती रविवार गेले त्याचा हिशोब मी ठेवला नाही, ठेवला असता तर डोकं फिरलं असतं. पार्ट मिळायचे नाहीत. हे भंगार बाजार पालथा घालायचे, एकाचं काढून दुसऱ्याला बसवायचे, नाही बसलं तर लेथवर घासून बसवायचे. गॅस्केट, म्हणजे दोन पार्टांच्या मध्ये घालतात तो जाड कागद, घरी, माझ्या शिवणाच्या कात्रीने कापायचे, आणि मग ती कात्री ब्लाऊजचं कापड चावायची. सीटा मी शिवल्या, रेक्झिनच्या. पहिला रंग मारला सोसायटीच्या आवारात, रात्रभर वाळत ठेवला, तर आमच्या डोंबिवलीची हवा, त्यात कुठल्या कंपनीचं काय आलं देव जाणे, सकाळी लाल रंगावर सगळीकडे पांढरी भुरी. ह्यांनी डोक्याला हात लावला आणि परत सगळा घासून काढला. नवसाने झालेल्या पोराचे नसते केले कुणी एवढे लाड.

आणि नुसती चालू करून भागलं असतं तर मग काय. हिला जोर कमी आहे म्हणे. मग दोन कार्बोरेटर लावले, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला पाजतात ना, ते, एकाच्या जागी दोन, आणि त्यांची तोंडं वर उघडी, जाळीसुद्धा नाही, जाळीने तिचा दम कोंडतो. हे ज्या साली केलं त्याच साली दसऱ्याला सासूबाई पूजेचं ताट घेऊन खाली उतरल्या. तोरण झालं, चाकाखाली लिंबं झाली, नारळ झाला. मग ह्यांना म्हणाल्या, झाकण उघड. टपावर आणि चाकावर कसल्या अक्षता वाहायच्या, तिचं काळीज कुठे आहे ते दाखव. ह्यांनी कौतुकाने बॉनेट उघडलं आणि पाणी आणायला वर गेले, आणि माऊलीने मूठभर अक्षता, कुंकवात भिजवलेल्या, त्या उघड्या तोंडांत मनोभावे वाहिल्या. मी शेजारी उभी, मला काय कळतंय, मीही नमस्कार केला.

मग मायलेक निघाले दुर्गाडीच्या देवीला. दोनच सीट, म्हणून मी बसने. तर पत्रीपुलाच्या अलीकडे ह्यांनी पाय उचलला तरी गाडी ओरडतच राहिली, रेस खाली येईना, पुढे लोकांची ही गर्दी. ह्यांनी चावी बंद केली म्हणून वाचले. सासूबाईंना मात्र किंचितही भीती वाटली नाही. त्या मरेपर्यंत सगळ्यांना सांगायच्या, देवी समोर आली आणि आमच्या गाडीच्या अंगात आलं.

आईला बोलायची ह्यांची काय टाप. घरी आल्यावर मला हाक मारली. आतल्या झडपेला ते तांदूळ चिकटून बसलेले आणि ह्यांची बोटं ही जाड, आत जात नव्हती. माझी गेली. केसातला आकडा काढला आणि एक एक लाल दाणा बाहेर. हे बॅटरी धरून बघत होते, म्हणाले, अगं तुझा हात तर सोन्याचा आहे. सोन्याचा आहे म्हणाले आणि दुसऱ्या दिवशीपासून रॉकेलच्या डब्यात पार्ट धुवायला बसवलं. पण खोटं कशाला बोलू, मला आवडायला लागलं. पुढे केदार झाला, आमचा मुलगा, त्याला खाटेवर झोपवून मी खाली जायची. बायका म्हणायच्या, कुंदा, तुझी हौस भारी. म्हटलं, तुम्ही सिरियल बघता, मी इंजिन बघते.

फक्त चालवायला कधी मिळाली नाही हो. लायसन्स माझ्याकडे होतं, केदारची गाडी मी घोडबंदरपर्यंत चालवते, पण ही नाही. हिचा क्लच वेगळा आहे, तुला जमायचं नाही, असं म्हणायचे. इंजिन अख्खं उतरवायला जमतं आणि क्लच जमत नाही, वा रे वा. भांडले मी त्यावरून, पण ह्यांनी दिली नाही ती नाहीच.

मग ह्यांना ते दुखणं लागलं, कंपवात. आधी उजवा हात थरथरायचा, मग पाऊल अडायला लागलं. गाडीवर कव्हर पडलं ते पडलंच. हे गॅलरीत बसून त्या कव्हरकडे बघायचे. आणि अशात आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. सगळ्यांनी घरं खाली करायची, आवार मोकळं करायचं. आम्हाला केदारकडे माजिवड्याला जायचं होतं, तिथे तळघरात पार्किंगची जागा आहे, पण गाडी न्यायची कशी, तिला ब्रेकच नव्हते. केदार म्हणाला, बाबा, ट्रकवर चढवून नेऊ, त्यात काय एवढं. ह्यांनी जेवणाचं ताट बाजूला केलं. असं दोन-तीन दिवस चाललं. शेवटी मी चिडले, म्हटलं, काय आहे ते तोंडाने सांगा. तेव्हा म्हणाले, “तिला उचलून नेऊ नका. मला उचलता तेवढं पुरे आहे.”

त्याच आठवड्यात हे बाथरूममध्ये अडकले होते आणि केदारने आणि वॉचमनने उचलून बाहेर आणलेलं. केदारला म्हटलं, ट्रक नको. गाडी चाकांवर जाईल, कशी ते मी बघते.

ब्रेकच्या आतली रबरं वाळून लाकूड झालेली. जुनं रबर पर्समध्ये घालून मी कल्याणची दुकानं फिरले. सगळे विचारायचे, काकी, मॉडेल कुठलं? म्हटलं, मॉडेल राहू दे बाबा, माप बघ. शेवटी जुन्या टॅक्सीची रबरं बसली. मग राहिलं ब्रेकमधली हवा काढायचं काम. ते एकट्याने होत नाही, एकाने आत बसून पॅडल दाबायचं, दुसऱ्याने चाकामागे आडवं होऊन तेलाची नळी सैल करायची, हवा बाहेर पडली की परत आवळायची, आणि ती आवळेपर्यंत आतल्याने पाय हलवायचा नाही, नाहीतर हवा परत आत. आमच्याकडे कायम आत मी आणि खाली हे. मी पाय जरा लवकर उचलला की खालून ओरडायचे, अगं, पाय आहे की ओंडका.

आता खाली चटई टाकून मी आणि आत हे. अख्ख्या सोसायटीच्या बायका गॅलरीत. मी म्हटलं, दाबा. दाबलं. धरा म्हटलं, आणि माझा पाना फिरायच्या आत ह्यांचा पाय सुटला. सगळं तेल माझ्या तोंडावर. आणि माझ्या तोंडून गेलंच, अहो, पाय आहे की ओंडका! लगेच जीभ चावली. आजारी माणूस, आणि मी हे काय बोलले. आणि मग हे हसायला लागले. असे हसले की गाडी हलायला लागली. म्हणाले, बरं वाटलं गं, इतके दिवस सगळे माझ्याशी दवाखान्यातल्यासारखं हळू हळू बोलतायत. मग परत दाबलं, परत धरलं, आणि संध्याकाळपर्यंत चारही चाकं झाली.

निघायच्या दिवशी भल्या सकाळी वॉचमनने आणि मी ह्यांना डाव्या सीटवर बसवलं. ह्यांनी खिशातून चावी काढली आणि नुसती पुढे केली, म्हणाले, तू घे. मी आधी रडून घेतलं, मग सीट पुढे घेतली. आणि क्लच, सांगते तुम्हाला, काहीसुद्धा वेगळा नव्हता. शिळफाटा, मग मुंब्र्याचा बायपास, दोन्ही बाजूंना ट्रक, आम्ही त्यांच्या चाकाएवढे. खारेगावच्या सिग्नलला थांबले तेव्हा मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी पूर्वी इंजिनाखालची मऊ रबरं काढून कडक घातलेली, त्याने जोर वाया जात नाही म्हणे, पण उभी राहिली की सगळी गाडी थरथरते. आरसा थरथरत होता, माझ्या बांगड्या थरथरत होत्या, गिअरवरचा माझा हात थरथरत होता, आणि मांडीवरचा ह्यांचा हात. गाडीची थरथर कुठली आणि दुखण्याची कुठली, काही फरक दिसत नव्हता. ह्यांनीही ते बघितलं. मग मान ताठ करून समोर बघत बसले, पूर्वी चालवताना बसायचे तसे.

आता माजिवड्याला आहोत. सून चांगली आहे, लिफ्ट आहे, सगळं आहे, देवाने कमी काही केलेलं नाही आणि तुमचंही असंच होवो. रविवारी सकाळी आम्ही दोघं गाडी काढतो. केदार म्हणतो, आई, मऊ रबरं बसवून देतो, ही थरथर पूर्ण जाईल. त्याला सांगून ठेवलंय, तिला हात लावायचा नाही. परत आलो की तळघरात गाडी लावते, पण इंजिन लगेच बंद करत नाही. आधी ह्यांचा हात माझ्या हातात घेते, घट्ट धरते, आणि मग चावी फिरवते.