मोड आलेला दाणा

जुनी गाडी घ्यायची असंल तर मिस्त्री नका नेऊ, माझ्या बायकोला न्या. बदनापूरला एक मोटार लई स्वस्तात भेटत होती म्हणून आम्ही पाह्यला गेल्तो. मिस्त्रीनं तासभर इंजिन ऐकलं आन् म्हणला, "बिलकुल बराबर हाय, घेऊन टाका."

बायको एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत हाय. ओल्या कागदावर बी किती उगवतं ते तपासते. तिनं मागच्या सीटखाली हात घातला आन् ज्वारीचा एक दाणा काढला. वाळलेला, पण बोटाच्या पेराएवढा मोड आलेला.

"भाऊ, एवढा मोड यायला चार दिवस सारखी ओल लागते," ती गाडीच्या मालकाला म्हणली. "गाडी पुरात होती का?"

मालकानं दाणा हातात घेऊन उलटापालटा करून पाह्यला.

"ताई, मी ही गाडी घेतली तव्हा तुम्ही कुठं होत्या?"