काकांचा उजवा हात

हाव, मीच ती. फोटोतली तनुजा. असं डोळे फाडून काय बघता — फोटोत साडी आहे, इथं गळ्यात स्कार्फ आहे, एवढाच फरक. हळू बोला! तुमचे वडील आत दवाखान्यात गुडघ्याला पट्टी बांधून घेताहेत आणि माझं तोंड त्यांनी अजून बघितलेलं नाही. स्कार्फ होता ना — म्हणून तर ‘कुणाची पोरगी हाय ही, आईबापानं काही शिकवलं न्हाई’ म्हणाले. आता तासाभरानं मला बघायला त्याच आईबापाच्या घरी मुरमुऱ्याचा सुशीला खायला बसणार आहेत. हसू नका!

चूक कुणाची? तुम्हीच सांगा, तुम्ही तर स्कूटरवर त्यांच्या मागंच बसला होता, पेढ्याचा डबा मांडीवर घेऊन. मी माझ्या स्कूटीवर, तुमच्या मागं. गाडीचा उजवा इंडिकेटर लुकलुकत होता — कधीपासून? निलंग्यापासून? वाटलंच मला. वर काकांनी, म्हणजे तुमच्या बाबांनी, उजवा हात बाहेर काढला, सरळ, तळहात पुढं. लायसन्सच्या परीक्षेत याला काय म्हणतात? उजवीकडं वळतोय. एक्सलेटर सुटला म्हणून गाडी पण हळू झाली. मग मी काय करणार — डावीकडून निघाले. आणि काका? काका एका हातानं गाडी धरून डावीकडंच आले, आणि झाली धडक! का? तर आडतीवरच्या मडिवाळप्पांना राम राम घालून राहिले होते! या वयाच्या माणसांचा हात बाहेर आला की समजायचं, कुणीतरी ओळखीचं दिसलं. सिग्नल शिकायचे ते आम्ही पोरींनी.

ब्रेक का नाही मारला? मारला असता. पण तेवढ्यात तुम्ही मागं वळून बघितलं — आणि मी म्हटलं, अगं बाई, हे तर तेच, फोटोपेक्षा बरेच की — म्हणजे — ऊन होतं डोळ्यांवर. ऊन. ते सोडा.

मला एवढंच सांगा. मी हॉर्न देत होते, मी तुम्हाला दिसले पण होते — मग ‘बाबा, मागं गाडी आहे’ एवढं का नाही म्हणालात? रागावतात? रागावू द्या की! बँकेत नोकरी करणारा माणूस, आणि गाडी वडिलांनी चालवायची, वळायचं वडिलांनी, आपण डबा सांभाळायचा. उद्या मला नांदेडला नोकरी लागली आणि काका नको म्हणाले, तर? तेव्हा पण डबाच धरून बसणार? तुम्ही मला आवडलाय हो — आता हे पण निघालं तोंडातून, जाऊ द्या — पण मागच्या सीटवर बसलेल्या माणसाच्या मागं मी कुठं बसू?

हे बघा, तसल्या गुडघ्यानं काकांनी गाडी चालवायचीच नाही. चावी मागा. मागून घ्या आणि स्वतः चालवत घरी या. धडक कुणी दिली ते मीच सांगेन त्यांना, समोर बसून, स्कार्फ न बांधता. मी कुणाला भीत नाही. पण गाडी काकाच चालवत आले, तर मी आतल्या खोलीतून बाहेरच येणार नाही. आई वाढेल सुशीला.

आले बघा. थांबा, तोंड बांधू द्या — काका, लई लागलं नाही ना? — माझ्याकडं काय बघून राहिलात? मागा ना!